उसन्या पेशी

नीलिमा बर्गे अमेरिकेतून साताऱ्याला परत आली तेव्हा तिच्या पोटात सहा यकृतं होती. एक जन्माचं, पण निकामी झालेलं. आणि पाच नवी, एकेक अक्रोडाएवढी. कागदोपत्री पाहिलं तर त्या पाचांतलं एकही तिचं नव्हतं.

गेली होती ती खेळायला. मुलींच्या शाळेत आयुष्यभर खेळ शिकवून निवृत्त झाल्यावर तिनं पुन्हा रॅकेट हातात घेतली होती, आणि साठीपुढच्या खेळाडूंच्या जागतिक बॅडमिंटन स्पर्धेसाठी तिची निवड झाली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद झाला तो तिच्या नवऱ्याला. प्रतापचं पोवई नाक्याजवळ सायकलींचं दुकान होतं. पेट्रोल महागलं, रस्ते सायकलींसाठी राखले गेले, तसं ते चांगलं चालायला लागलं होतं. दुकान दोन आठवडे बंद ठेवून तोही तिच्याबरोबर डेन्व्हरला गेला.

पहिले दोन सामने ती जिंकली. तिसऱ्याच्या दिवशी सकाळी प्रतापनं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुझे डोळे पिवळे दिसतायत." कावीळ ती इकडूनच घेऊन गेली असावी. दूषित पाण्यातून होणारी, आपल्याकडे घरोघरी माहीत असलेली कावीळ. पण क्वचित एखाद्याला ती अशी उलटते की यकृत बघता बघता बसतं. दुसऱ्या दिवशी नीलिमाला शुद्ध नव्हती. त्यानंतरचे सहा आठवडे तिला आठवत नाहीत. ते सगळे प्रतापच्या वाट्याला आले.

तिथल्या डॉक्टरनं त्याला समजावून सांगितलं. कानातल्या दुभाषी यंत्रातून ते मराठीत ऐकू येत होतं, पण इतक्या सपाट आवाजात की प्रतापला ते खोटं वाटत राहिलं. दात्याचं यकृत मिळणार नव्हतं. परदेशी पाहुण्याचा नंबर यादीत फार खाली होता. एक नवा उपचार मात्र होता. आपल्या शरीरात जागोजागी लसिका ग्रंथी असतात. घसा दुखला की जबड्याखाली ज्या गाठी हाताला लागतात, त्याच. जंतुसंसर्ग झाला की संरक्षक पेशींची फौज तिथं वाढते. वाढणाऱ्या पेशींना लागतो तो भरपूर रक्तपुरवठा, जागा, पोषण हे सगळं तिथं तयार असतं. शास्त्रज्ञांनी ओळखलं, की ही तर आयती रोपवाटिका आहे. पोटातल्या पाच ग्रंथींमध्ये यकृताच्या निरोगी पेशी सोडल्या, तर प्रत्येकीत एक छोटं यकृत उगवतं. ते वाढेपर्यंत एक यंत्र बाहेरून रक्त शुद्ध करत राहतं.

पेशी कुणा माणसाच्या नव्हत्या, एका कंपनीच्या होत्या. कंपनीनं त्या प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यात बदल केले होते, म्हणजे रुग्णाच्या शरीरानं त्यांना परकं समजून मारू नये. शिवाय त्यांना एक लगाम घातला होता. या पेशींना जगायला लागणारा एक घटक त्या स्वतः बनवू शकत नाहीत. तो आठवड्याला एका गोळीतून द्यावा लागतो. पेशी भलत्याच वाढू लागल्या, कर्करोगाची शंका आली, तर गोळी थांबवायची, पेशी आपोआप मरतात. सुरक्षेसाठी घातलेला हा लगाम कंपनीच्या धंद्यालाही आपसूक सोयीचा पडला होता.

प्रतापनं पडद्यावर बोटानं सही केली. काय लिहिलंय ते त्यानं वाचलं नाही, आणि वाचलं असतं तरी सही केलीच असती.

नीलिमा जगली. विमा कंपनीनं मात्र कळवलं, की प्रायोगिक उपचार पॉलिसीत बसत नाहीत.

*

घरी आल्यावरचं पहिलं वर्ष त्यांनी कसंबसं निभावलं. दोन देशांतल्या नव्या करारामुळे तिकडचं बिल इकडे वसूल करता येत होतं, आणि व्याज चढत होतं. दागिने गेले, ठेवी मोडल्या, दुकान गहाण पडलं. हे सगळं रुग्णालयाच्या बिलात गेलं. त्याखेरीज कंपनीचं वेगळं होतंच: पेशी वापरण्याचं वार्षिक भाडं आणि गोळ्या. करारात लिहिलं होतं की पेशी कंपनीच्या मालकीच्या असून रुग्णाला फक्त वापरायला दिलेल्या आहेत, आणि त्या काढणं, तपासणं, वाढवणं याचा हक्क कंपनीशिवाय कुणालाही नाही.

"माझ्या पोटात भाडेकरू राहतो आणि भाडं मी भरते," नीलिमा एकदा म्हणाली. प्रताप हसला नाही. कुणी तिच्या आजाराबद्दल हलकं बोललेलं त्याला सहन होत नसे, मग ती स्वतः का असेना.

दुसऱ्या वर्षी पावसाळा संपता संपता गोळ्यांचं पार्सल आलं नाही. ते विमानतळावर जकातीच्या कुठल्यातरी नव्या नियमात अडकलं होतं. डब्यातली शेवटची गोळी संपली. दहा दिवसांत थकवा येईल, मग डोळे पिवळे होतील, असं तिला सांगून ठेवलेलं होतं. नीलिमा रोज सकाळी आरशात डोळे बघायची आणि मग चहा टाकायची. प्रतापला तिनं सांगितलंच नाही. तो गोळ्यांसाठी आणखी कुणाच्या तरी दारात जाऊन उभा राहिला असता, आणि ते तिला नको होतं.

पार्सल आलं तेव्हा महिना होत आला होता. तिला काहीही झालेलं नव्हतं.

हे तिनं सांगितलं ते डॉ. तहसीन मुजावरला. तहसीन साताऱ्याच्या सरकारी रुग्णालयात यकृताचे रुग्ण बघायची. शाळेत ती नीलिमाच्या खो-खोच्या संघात होती आणि अजूनही तिला बाईच म्हणायची.

"बाई, गोळ्या बंद होत्या हे मला तेव्हाच का नाही सांगितलंत?" तहसीन रागावलीच होती. तिनं लगेच रक्त तपासायला घेतलं. अहवाल आला तो तिनं दोनदा वाचला, आणि मग दुसऱ्यांदा रक्त काढलं. तोही अहवाल तसाच आला. यकृत उत्तम काम करत होतं.

"कंपनीच्या पेशी गोळीशिवाय इतके दिवस जगूच शकत नाहीत," ती म्हणाली. "मग काम करतंय कोण?"

"तू डॉक्टर आहेस. मला काय विचारतेस?"

तहसीननं टेबलावरच्या कागदावर पेननं एक ओबडधोबड यकृत काढलं आणि त्याच्याखाली गाठी. "मला वाटतं ते सांगते. खात्री नाही. तुमच्या जुन्या यकृतात चार-दोन पेशी जिवंत राहिल्या असणार. त्या यकृतातून लसिकेचा प्रवाह निघतो आणि तो वाहत याच गाठींकडे येतो. जुन्या यकृतात सगळे व्रण, वाढायला जागा नाही. पण इथं कंपनीच्या पेशींनी रक्तवाहिन्यांचं जाळं विणून घर तयार करून ठेवलंय. तुमच्या पेशी वाहत आल्या असतील आणि इथं रुजल्या असतील. हळूहळू वाढून त्यांनी परक्या पेशींची जागा घेतली असेल."

"म्हणजे ही यकृतं माझी आहेत?"

"असतील. सुईनं एकेका गाठीतून तुकडा काढून डीएनए तपासला तर एका आठवड्यात कळेल. असं आजवर कुणी नोंदवलेलं नाही, कारण गोळ्या थांबवून बघतंय कोण?" मग तिनं पेन खाली ठेवलं. "पण ती तपासणी मला करता येणार नाही. तुमच्या करारात तशी मनाई आहे. उद्या कंपनीनं दंड मागितला तर तो तुमच्या डोक्यावर बसेल, आणि आहे ते कर्ज त्याच्यापुढे किरकोळ वाटेल."

"कंपनीलाच तपासायला सांगितलं तर?"

"मी काल त्यांना पत्र लिहून पाहिलं. त्यांचं म्हणणं, गरज नाही, गोळ्या चालू ठेवा."

*

नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, विषय काढला तो मुलीनं. ऋजुता पुण्यात ध्वनितंत्रज्ञ होती. रविवारी ती घरी आली, आणि तिच्यासमोर प्रतापचे थोरले भाऊ संपतराव बसले होते. संपतराव एसटीतून आगारप्रमुख म्हणून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं, पण शेवटचा शब्द आपला असायला हवा अशी सवय.

"पप्पा, माझा फ्लॅट विकू," ऋजुता आधी म्हणाली. "निम्मं कर्ज फिटेल."

"आणि उरलेलं?" नीलिमानं विचारलं. "आणि पुढच्या वर्षीचं भाडं? त्याच्या पुढच्या वर्षीचं? तुझं घर घालवून मी किती वर्षं विकत घ्यायची?"

"मग दुसरा मार्ग एकच आहे. नादारीचा अर्ज. मी एका वकिलांशी बोलले."

संपतरावांनी चहाचा कप खाली ठेवला. "बर्गे घराण्यात कुणी हात वर केलेले नाहीत. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. प्रताप, उद्या तुला कोणी एक टायर उधार देणार नाही."

प्रताप कुणाकडेच बघत नव्हता. "दादा, अब्रूचं सोडा," तो म्हणाला. "अर्ज केला की कंपनी त्याच दिवशी गोळ्या बंद करणार. अर्ज करायचा नाही. विषय संपला." आणि तो उठून दुकानात गेला.

नीलिमा त्याच्या मागोमाग गेली. रविवार असल्यानं शटर अर्धं खाली होतं. तो एका चाकाच्या तारा कसत बसला होता, आणि त्या चाकाला कसलीही दुरुस्ती लागत नव्हती हे तिलाही दिसत होतं. ती समोरच्या स्टुलावर बसली आणि तिनं महिनाभर गोळ्या नव्हत्या हे त्याला सांगून टाकलं. तहसीनचा अंदाजही सांगितला.

प्रतापच्या हातातली चावी थांबली. "महिनाभर? आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"काहीही केलं असतं. तिकडे तू निपचित पडली होतीस तेव्हा मी काय केलं? सही केली. कुणाला विचारलं? तुला विचारायची सोय नव्हती. मी एकट्यानं केली." त्याचा आवाज चढला नव्हता, उलट अगदी खाली गेला होता. "आणि आता तू म्हणतेस, त्या गोळ्या सोडून बघू. माझ्या हातून नाही होणार ते."

"तेव्हा सोय नव्हती," नीलिमा म्हणाली. "आता आहे. आता मला विचारा."

बाहेर रस्त्यावरून मुलांची एक टोळी सायकली दामटत गेली.

"अहो, तुम्ही मला वाचवलंत. त्याचं मोल मी कधी फेडणार नाही, फेडायचंही नाही. पण तेव्हापासून तुम्ही दर महिन्याला मला नव्यानं वाचवताय. रात्री झोपत नाही, जेवत नाही धड. माझ्या पोटातलं माझं आहे की नाही एवढं मला कळू दे. नसलं, तर ऋजुताचा फ्लॅट, तुमचं दुकान, काय विकायचं ते विका. मी एक शब्द बोलणार नाही. पण न बघता नको."

प्रतापनं चाक भिंतीला टेकवून ठेवलं. "वकिलांना भेटू," तो शेवटी म्हणाला. "भेटायला काय जातंय."

*

वकील भारती खरात पुण्याला एका जुन्या इमारतीत बसत. त्यांनी करार आधीच वाचून ठेवला होता.

"ताई, नादारी म्हणजे तोंड काळं करणं नव्हे," त्या म्हणाल्या. "माणूस बुडू नये म्हणून कायद्यानं ठेवलेला तो काठ आहे. राहतं घर वगळतील. दुकान मात्र जाईल, ते आत्ताच मनाशी धरून चाला. साहेबांनीही सही केलीय, म्हणून अर्ज दोघांचे." मग त्या थोड्या पुढे झुकल्या. "तुमच्या मुलीनं मला त्या तपासणीचं सांगितलं. ऐका. अर्ज दाखल झाला, की त्या क्षणापासून त्या देण्याबद्दलची सगळी कारवाई थांबते. तुम्ही तपासणी केलीत आणि कंपनीनं दंड मागितला, तर तोही शेवटी देणंच. बाकीच्यांच्या रांगेत जाऊन बसेल. तुमच्या मागे कुणाला धावता येणार नाही."

नीलिमाला ते समजायला जरा वेळ लागला. ज्या दाराची सगळ्यांना लाज वाटत होती, तेच दार तिला आत सोडणार होतं.

"आणि गोळ्या?" प्रतापनं विचारलं.

"त्या द्यायला मी कंपनीला भाग पाडू शकत नाही. शिल्लक किती आहेत?"

"दोन महिन्यांच्या," नीलिमा म्हणाली.

"मग तेवढाच वेळ आपल्या हातात आहे."

दोघांनी तिथंच सह्या केल्या. या वेळी प्रतापनं कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, मग तिच्याकडे सरकवला, आणि तिनं सही केल्यावरच स्वतः केली.

*

कंपनीचा निरोप दोन दिवसांत आला: पुरवठा बंद. त्याच आठवड्यात तहसीननं नीलिमाला टेबलावर घेतलं. तोंडावाटे दुर्बीण आत सोडून, ध्वनिलहरींच्या चित्रावर नजर ठेवत तिनं एकेका गाठीतून केसाएवढा तुकडा काढला. प्रताप बाहेर बाकावर होता. संपतराव न सांगताच येऊन त्याच्या शेजारी बसले. जाताना संपतरावांनी रुग्णालयाची फी भरून टाकल्याचं प्रतापला नंतर कळलं.

अहवाल घेऊन तहसीन स्वतः घरी आली. दारात चप्पल काढायचंही तिला भान नव्हतं.

"बाई, पाचपैकी चार गाठी पूर्णपणे तुमच्या आहेत. शोधूनही परकी पेशी सापडत नाही. पाचवीत निम्म्या-निम्म्या आहेत. त्या महिन्यात थोड्या परक्या पेशी कशाबशा तगल्या असणार आणि गोळी सुरू झाल्यावर पुन्हा वाढल्या असणार." तिनं अहवाल नीलिमाच्या हातात दिला. "कंपनीनं तुम्हाला यकृत दिलं नाही. आसरा दिला. यकृत तुम्ही स्वतः उगवलंत."

प्रताप आत गेला आणि बराच वेळ स्वयंपाकघरात उभा राहिला. नळ चालू असल्याचा आवाज येत होता. बाहेर आला तेव्हा त्यानं तोंड धुतलेलं होतं. "मग आता गोळी?" त्यानं विचारलं.

"हळूहळू कमी करायची. दर आठवड्याला रक्त तपासायचं. कुठं काही बिघडलं, तर शिल्लक गोळ्या आहेत. घाई करायची नाही."

त्यांनी घाई केली नाही. गोळ्यांमधलं अंतर वाढत गेलं. एकदा अहवालातला एक आकडा वर गेला, आणि ते तीन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. पाचव्या गाठीतल्या परक्या पेशी मरत होत्या. मग तो आकडा उतरला आणि पुन्हा चढला नाही. डब्यात गोळ्या उरलेल्या असतानाच नीलिमाला त्यांची गरज संपली.

न्यायाधिकरणात कंपनीच्या वकिलानं वेगळाच मुद्दा मांडला. अर्जदाराच्या शरीरातल्या पेशी ही कंपनीची मालमत्ता आहे. नादारीत ती इतर मालमत्तेबरोबर धरता येणार नाही, तिच्यावरचा कंपनीचा हक्क शाबूत राहिला पाहिजे.

न्यायाधीश बाई वयानं तरुण होत्या. गोळ्या बंद झाल्यावर तहसीननं पुन्हा तुकडे काढून केलेला नवा अहवाल त्यांनी चाळला. "कुठल्या पेशी?" त्यांनी विचारलं. "या अहवालाप्रमाणे तुमच्या पेशी आता अस्तित्वातच नाहीत. जे नाही त्यावर हक्क कसा शाबूत ठेवायचा, ते मला सांगा."

वकिलानं त्यासाठी पुढची तारीख मागितली. पुढच्या तारखेला कंपनीनं पेशींवरचा दावा सोडला.

देणं मात्र सुटलं नाही. दुकान लिलावात गेलं. ज्या दिवशी नव्या मालकानं पाटी उतरवली, त्या दिवशी प्रताप मुद्दाम तिथं गेला आणि पाटी खाली घ्यायला त्यानं एका बाजूनं हात लावला. वर्षभर त्यांच्या मिळकतीवर नजर राहिली, आणि मग कर्जातून मुक्ततेचा आदेश आला. संपतरावांना वाटलं होतं तसं तोंड लपवावं लागलं नाही. काही लोक बोलले, काहींनी बोलणं सोडलं; आणि बरेच जण आपापल्या नादुरुस्त सायकली घेऊन थेट बर्ग्यांच्या घरी यायला लागले. प्रतापनं घराखालच्या पार्किंगमध्ये अवजारं मांडली. टायर त्याला उधारीवर मिळत होते.

तहसीनचा शोधनिबंध त्याच सुमारास छापून आला. हा उपचार घेतलेली माणसं जगभर होती, आणि त्यांतली कितीतरी दर आठवड्याला एक गोळी घेत होती, एक देणं फेडत होती. निरनिराळ्या देशांत तपासण्या सुरू झाल्या. सगळ्यांचं नीलिमासारखं निघालं नाही. ज्यांचं जुनं यकृत पुरतं मेलं होतं, त्यांना गोळी लागणारच होती. पण दर तिघांत एक जण तरी मोकळा होता.

एका दुपारी नीलिमाला फोन आला. पलीकडची बाई केनियातल्या एका गावात शाळेत शिकवत होती. दुभाषी यंत्रं आता सुधारली होती; तिचा आवाज मराठीत आला तरी तिचाच वाटत होता, जरा घोगरा, दमलेला. तहसीननंच तिला नंबर दिला होता.

"माझी तपासणी उद्या आहे," ती म्हणाली. "माझ्या भावानं माझ्यासाठी गुरं विकली. आता मला नादारीच्या कचेरीत जायला सांगतायत. मला लाज वाटते. आणि भीतीही वाटते. तुम्हाला वाटली नाही?"

नीलिमानं पार्किंगकडे पाहिलं. प्रताप एका पोरीच्या सायकलची उंची तिच्या मापानं बसवत होता. पोरगी बसून बघायची आणि मान हलवायची. तो पुन्हा पाना लावायचा.

"वाटली," नीलिमा म्हणाली. "दोन्ही वाटल्या. लाज आधी गेली. भीती जायला वेळ लागला." मग तिला वाटलं, एवढ्यानं त्या बाईचं समाधान होणार नाही, आणि व्हायलाही नको. तिनं खुर्ची ओढून घेतली. "तुम्हाला वेळ आहे ना? मग पहिल्यापासून सांगते. पण एक आधी ऐका. काहीही निघालं तरी गोळी एकदम सोडायची नाही. आणि उद्या एकट्या जाऊ नका. भावाला बरोबर न्या."